वाचक विचारतात : फ्रंटपेज गेलं, आता साइटचं काय करू?

मंडळी, या वेळी मेलबॉक्स उघडला तर निम्मी पत्रं एकाच दुखण्याची. 14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा सपोर्ट बंद केला, बऱ्याच जणांनी नवे लॅपटॉप घेतले, आणि मग लक्षात आलं की आपली वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेजमध्ये, केली होती त्याची सीडी माळ्यावर कुठेतरी आहे आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाहीये. तेव्हा या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून एवढंच घेतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 71. आमच्या गावच्या वाचनालयाची साइट मी 2004 साली फ्रंटपेज 2003मध्ये केली आणि आजतागायत मीच सांभाळतोय. साधारण 140 पानं आहेत, त्यात ग्रंथयादी, व्याख्यानमालेची माहिती, जुने फोटो, देणगीदारांची नावं. जुना डेस्कटॉप बंद पडला. भाचा म्हणतो, मामा ते सगळं उडवा आणि वर्डप्रेस टाका. माझा जीव होत नाही. काय करू? — एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : सर, भाच्याला म्हणावं जरा दम खा. वर्डप्रेसचं (ब्राउझरमधूनच साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर) तो चूक सांगत नाहीये, पण "सगळं उडवा" हे वाक्य ज्याने साइट केली नाही तोच इतक्या सहज बोलू शकतो.

आधी मनातली भीती काढून टाका. सॉफ्टवेअर गेलं म्हणजे साइट गेली असं नसतं. फ्रंटपेज हे फक्त पानं तयार करायचं हत्यार होतं, तयार झालेली पानं साध्या एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) फाइली आहेत आणि त्या नोटपॅडमध्येसुद्धा उघडतात. सुताराचा रंधा हरवला म्हणून कपाट मोडत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो पुढे कामाला येणारे. फ्रंटपेज मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज नावाच्या अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ते 1995मध्ये काढलं आणि जानेवारी 1996मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. तुमच्या साइटच्या फोल्डरमध्ये व्हीटीआय अशी अक्षरं असलेले चारपाच विचित्र फोल्डर दिसत असतील, ते काय आहेत असं तुम्हाला वीस वर्षं वाटत आलं असेल, तर ते व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इनकॉर्पोरेटेड. कंपनी गेली, नाव तुमच्या वाचनालयात राहिलं. तुमच्याकडचं 2003 हे शेवटचंच व्हर्जन, 2006च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज बंद केलं आणि त्याच्या जागी एक्स्प्रेशन वेब आणलं. मग डिसेंबर 2012मध्ये तेही फुकट वाटून टाकलं आणि पुढचं काम थांबवलं. म्हणजे कोणी तुम्हाला "फ्रंटपेजची अधिकृत पुढची आवृत्ती" म्हणून एक्स्प्रेशन वेब सुचवलं तर हसून सोडून द्या, वारसदारही वारलाय.

आता काम. पहिलं काम म्हणजे साइट जशी आत्ता इंटरनेटवर दिसतीये तशी पूर्ण उतरवून घ्या. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये कॉपी असेल तीही एखाद्या दुकानातून काढून घ्या, पण भरवसा सर्व्हरवरच्या कॉपीवर ठेवा. कारण वीस वर्षांत कधीतरी तुम्ही थेट सर्व्हरवर दुरुस्ती केली असणार आणि घरच्या कॉपीत ती नसणार. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे भाड्याने ठेवलीये त्या सर्व्हरच्या, पॅनलमध्ये फाइल मॅनेजर असतो, सगळं सिलेक्ट करून झिप करायचं आणि डाउनलोड करायचं, नाहीतर सर्व्हरवरच्या फाइली उतरवायला फाइलझिला नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. झिपच्या दोन कॉपी, एक पेनड्राइव्हवर आणि एक वाचनालयाच्या सेक्रेटरींकडे. हे झाल्याशिवाय भाच्याला पासवर्ड देऊ नका.

याच बैठकीत डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे तेही बघून घ्या, कधी संपतंय तेही. माझ्या माहितीतल्या एका संस्थेचं डोमेन साइट करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तो माणूस पुढे धंदा सोडून गेला, मेल आयडी बंद, फोन लागेना, आणि अख्खी साइट तयार असून पत्ता हातातून गेला.

दुसरं काम एक्सेलमधलं. तीन कॉलम करा, जुन्या पानाचा पूर्ण पत्ता, ते ठेवायचं की नाही, आणि नवीन साइटवर त्याचा पत्ता काय असेल. कंटाळवाणं आहे पण तुम्ही पेपर तपासलेत आयुष्यभर, हे त्याहून सोपं. अशा साइटवर बरीचशी पानं "2007च्या व्याख्यानमालेचं वेळापत्रक" जातीची निघतात. ती फेकू नका, पण एकेकाला वेगळं पानही देऊ नका, वर्षवार एका पानावर एकत्र करा.

तिसरं म्हणजे काय न्यायचं नाही ते. व्हीटीआयवाले सगळे फोल्डर सोडून द्या. थीम्स नावाचा फोल्डर, डिराइव्ह्ड नावाचा फोल्डर (त्यात फ्रंटपेजने स्वतः बनवलेली मथळ्यांची आणि बटणांची चित्रं असतात), बॉर्डर्स नावाचा फोल्डर, सगळं जाऊ दे. माउस नेला की चमकणारी ती हॉवर बटणं आठवतात? 2003च्या आधीच्या फ्रंटपेजमधली ती बटणं जावा ॲपलेट (पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम) होती, क्रोमने 2015मध्येच तसले प्लगइन चालवणं बंद केलं, त्यामुळे कुठल्या जुन्या पानातून तसली बटणं तुमच्या साइटवर आली असतील तर गेली कित्येक वर्षं त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसतोय आणि कोणी तुम्हाला सांगितलं नाही एवढंच.

आता मजकूर. इथे लोक हमखास फसतात, जुनं पान ब्राउझरमध्ये उघडतात, सिलेक्ट करतात आणि नव्या साइटवर पेस्ट करतात, दिसतं छान आणि आत घाण जाते. मी परवा अशाच एका साइटचं पान उघडून बघितलं. स्क्रीनवर एवढंच लिहिलेलं होतं, "सोमवारी वाचनालय बंद राहील". कोडमध्ये त्याच्याभोवती सेंटरचा टॅग, त्यात टेबल, त्यात एक ओळ, त्यात एक रकाना, त्यात आणखी एक टेबल, मग फॉन्ट साइज पाच, मग फॉन्ट कलर लाल, मग बोल्ड, मग मार्की (अक्षरं सरकवणारा टॅग), मग परत फॉन्ट साइज पाच, आणि वाक्याआधी सरकवायला म्हणून चौदा स्पेस. चार शब्दांसाठी! हे तुमच्या चुकीने नाही झालं, माउसने ओढाताण केली की फ्रंटपेज आतमध्ये असंच लिहायचं. म्हणून मजकूर कॉपी करून आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून पुन्हा कॉपी करून नव्या जागी पेस्ट करा, आणि मथळा, यादी, ठळक अक्षरं नव्याने द्या. लिंका मात्र नोटपॅडमध्ये गळून पडतात, त्या परत लावाव्या लागतील, त्याला इलाज नाही.

आता भाच्याचं वर्डप्रेस. तुमच्या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे, कारण तुम्हाला महिन्याला दोनतीन सूचना टाकायच्या असतात आणि वर्डप्रेसमध्ये ते वर्डमध्ये टाइप केल्यासारखं होतं, घरच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुमच्यानंतर जो कोणी येईल त्याला ते येत असण्याची शक्यता जास्त. फ्रंटपेज येणारा माणूस आता तुमच्या तालुक्यात तुम्हीच असाल. फक्त भाच्याला तीन अटी घाला. वर्डप्रेससोबत येणारी साधीच थीम (साइटचं रूप), प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) चारपाचच्या वर नाहीत, आणि ऑटो अपडेट चालू. वर्डप्रेसच्या साइट हॅक होतात म्हणून जी ओरड असते त्यात बहुतेक वेळा वर्डप्रेस नसतं, तीन वर्षं अपडेट न केलेलं कुठलं तरी प्लगइन असतं.

ग्रंथयादीची पानं मात्र तिथे एकेक करून चढवू नका, सगळी यादी एका एक्सेलमध्ये आणा आणि तीच शोधता येईल अशी एका पानावर द्या.

शेवटी ते एक्सेल परत काढा. जुना पत्ता आणि नवा पत्ता असे दोन कॉलम आहेत ना, ते भाच्याला द्या आणि म्हणा यांचे 301 रीडायरेक्ट लाव. म्हणजे कोणीतरी 2009मध्ये कुठेतरी तुमच्या व्याख्यानमालेच्या पानाची लिंक दिली असेल ती दाबली तरी माणूस नव्या पानावर येतो, आणि गूगलला पण कळतं की घर बदललंय. जुन्या पानांचे पत्ते एचटीएमवर संपतात, नव्यांचे तसे नसणार, त्यामुळे हे केलं नाही तर झाडून सगळ्या जुन्या लिंका मेल्या समजा.

एक राहिलंच. तुमचं जुनं होस्टिंग विंडोज सर्व्हरवर असेल आणि नवं लिनक्सवर गेलं तर फाइलींच्या नावातले कॅपिटल आणि स्मॉल सांभाळा. विंडोजला दोन्ही सारखे, लिनक्सला दोन वेगळ्या फाइली. मी एकदा एका भजनी मंडळाची साइट रात्री हलवली, सकाळी त्यांचा सप्ताह सुरू, आणि उघडून बघतो तर एकही फोटो नाही. कॅमेऱ्याने जेपीजी कॅपिटलमध्ये दिलं होतं, पानात लिंक स्मॉलमध्ये होती. काकडआरतीच्या वेळेला मी नावं बदलत बसलो होतो.

प्रश्न : मी परदेशात राहते, इथल्या महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट या वर्षी माझ्या गळ्यात आलीये. आधीच्या आधीच्या कमिटीतल्या कोणीतरी फ्रंटपेजमध्ये केलेली आहे. गणपतीचा मेनू बदलायला गेले तर 90 पानांत बदलावं लागतंय असं दिसतंय!! हे असं कसं? आणि नवीन कशात करू, दर वर्षी कमिटी बदलते आमची. — एक वाचक, अमेरिका

उत्तर : ताई, मेनू म्हणजे साइटचा मेनू ना, मोदक-पुरणपोळीचा नव्हे? तो 90 ठिकाणी बदलत असाल तर हात जोडतो.

हे असं का होतं ते सांगतो. फ्रंटपेजमध्ये शेअर्ड बॉर्डर म्हणून प्रकार होता, वरची पट्टी आणि डावीकडची यादी एकदा बनवायची आणि ती सगळ्या पानांना आपोआप लागायची. फार सोयीचं होतं, त्या काळात लोक त्याच्यावर खूश होते. पण ही जादू फ्रंटपेजच्या पोटात होती. पान सेव्ह करताना ते यादीची एकेक कॉपी प्रत्येक पानात चिकटवून द्यायचं. फ्रंटपेज आहे तोपर्यंत ते सगळीकडे बदलत बसायचं, फ्रंटपेज गेलं की उरतात 90 वेगवेगळ्या याद्या आणि त्यांचा आपापसात काही संबंध नाही. तेव्हा तुमची चूक नाही आणि आधीच्या माणसाचीही नाही, त्याने त्या वेळेला शहाणपणाचंच केलं होतं.

आज रात्रीपुरता जुगाड हवा असेल तर व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर डाउनलोड करा, मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि फुकट आहे, पूर्ण फोल्डर त्यात उघडा, सगळ्या फाइलींत शोधा आणि बदला असा ऑप्शन आहे, जुनी ओळ टाका, नवी ओळ टाका, 90 पानं दहा सेकंदांत. आधी फोल्डरची कॉपी काढून ठेवा, कारण चूकही दहा सेकंदांत 90 पानांत होते.

कायमचं म्हणाल तर तुमचा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच, कमिटीचा आहे. दर वर्षी नवा माणूस, एखाद्या वर्षी आयटीवाला येणार, एखाद्या वर्षी नाटकवाला. आयटीवाला आला की तो ह्यूगो किंवा इलेव्हन्टी असलं काहीतरी सुचवेल, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइली लिहायच्या आणि त्यातून पूर्ण साइट तयार होते, डेटाबेस नाही, हॅक व्हायला फारसं काही नाही, वेगाने उघडते. मला स्वतःला हेच सगळ्यात जास्त आवडतं. आणि तरीही तुमच्या मंडळाला मी ते सुचवणार नाही, कारण पुढच्या वर्षी नाटकवाला आला की तो टर्मिनलची काळी खिडकी बघून राजीनामा देईल.

तुम्ही वर्डप्रेसच घ्या, पण स्वतः सर्व्हरवर टाकायच्या भानगडीत न पडता होस्ट केलेलं घ्या, अपडेट आणि बॅकअप त्यांनी बघायचे. वर्षाला थोडे पैसे जातात, ते दिवाळीच्या तिकिटातून सहज निघतात. लॉगिन मंडळाच्या मेलवर काढा, अमुक-तमुक बाईंच्या खासगी जीमेलवर नको... अशा मेलची मालकीण पुढे गाव बदलते आणि पासवर्ड रीसेट तिच्याकडे जात राहतो. आणि हस्तांतराच्या दिवशी नव्या माणसाला शेजारी बसवून एक कार्यक्रम टाकायला लावा, पीडीएफ मॅन्युअल कोणी वाचत नाही.

गंमत म्हणजे वर्डप्रेसमध्येसुद्धा "फ्रंट पेज" असा शब्द सापडेल, दचकू नका, तो होमपेजला म्हणतात.

प्रश्न : आमचं छोटं त्रैमासिक आहे, 1999 ते 2006चे अंक साइटवर आहेत. तेव्हा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आता फोनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नवीन साइटवर कॉपी केलं तरी तेच. सगळं परत टाइप करावं लागेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, परत टाइप नाही करावं लागणार, पण परत वाचावं नक्की लागेल.

तुमचा मजकूर कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी कधी नव्हताच. त्या काळातल्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवले होते. शिवाजीमध्ये "आणि" टाइप करायला तुम्ही कॅपिटल ए, स्मॉल ए, मग आय, मग कॅपिटल एन, मग पुन्हा ए मारायचात, आठवतंय? फाइलमध्ये साठवलेली अक्षरं तीच आहेत, इंग्रजी. फॉन्ट कॉम्प्युटरवर असला की डोळ्यांना "आणि" दिसायचं, नसला की खरा चेहरा दिसतो. म्हणूनच इतकी वर्षं ऑनलाइन असूनही तुमचा एकही लेख गूगलवर मराठीत शोधून कोणाला सापडला नसणार, गूगल बिचारं त्यात "ए ए आय एन ए" वाचतंय.

काही जणांनी तेव्हा डायनॅमिक फॉन्ट लावले होते, म्हणजे पानासोबत फॉन्ट आपोआप यायचा, पण मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा तो फॉन्ट इंटरनेट एक्स्प्लोररपुरता चालायचा, आणि एक्स्प्लोरर स्वतः 15 जून 2022ला रिटायर झाला.

तेव्हा युनिकोडमध्ये न्यायचं, म्हणजे ज्या पद्धतीत मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं तिथे. शिवाजी ते युनिकोड असं शोधलंत की फुकट कन्व्हर्टर मिळतात, पेस्ट करायचं, बटण दाबायचं. मुद्दा असा की एका अंकात किती फॉन्ट वापरलेत ते आधी बघा, मथळा एकात आणि मजकूर दुसऱ्यात असं त्या काळी सर्रास असायचं, आणि एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला की असं काही बाहेर पडतं की संत-महंतांनाही अर्थ लागू नये.

आणि कन्व्हर्ट झाल्यावर तपासायचं कुठे ते सांगतो, सगळीकडे नाही, ठराविक ठिकाणीच घोळ होतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षर आलं की ती चुकीच्या जागी बसते, "स्थिती", "अस्तित्व", "निश्चित" असले शब्द बघा. रफार, म्हणजे "सूर्य", "मार्ग", "वर्ष". मग "सुऱ्या", "दुसऱ्या", "पुऱ्या" मधला तो आपला आडवा र, हा तर कन्व्हर्टर हमखास रफार करून टाकतो आणि पुऱ्यांच्या पुर्‍या नाही, चक्क "पुर्या" होतात. आकडे आणि अवतरणचिन्हं पण बघा. एक लेख नीट तपासलात की चुकांचा पॅटर्न कळतो, मग त्या शोधा-बदलाने बहुतेक निघून जातात.

कुठलीही नवी साइट घेतलीत तरी पानाचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) युनिकोडचं यूटीएफ-8 आहे ना ते बघा, आणि पानाची भाषा म्हणून मराठीचा एमआर हा कोड लावायला सांगा. हे बहुतेक मराठी साइटवाले करतच नाहीत. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचा ल बघत बसावं लागतं. फॉन्ट म्हणाल तर मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त" हा फॉन्ट सुटसुटीत आहे, आणि तुमच्यासारख्या साहित्यिक अंकाला टिरो देवनागरी मराठी शोभून दिसेल, त्यात मराठी वळण आधीपासूनच आहे. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट.

प्रश्न : आमचं दापोलीजवळ होमस्टे आहे. मुलाच्या मित्राने 2016 साली ॲडोबी म्यूजमध्ये साइट करून दिली होती. म्यूजची फाइल माझ्याकडे आहे. ती कशात उघडेल? — एक वाचक

उत्तर : म्यूज सोडून कशातच नाही. ॲडोबीने मार्च 2018मध्ये म्यूज बंद करत असल्याचं सांगितलं, मार्च 2020मध्ये सपोर्ट संपवला, आणि त्या फाइलला वारस नेमला नाही. साइट चालू असेल तर त्यातले फोटो आणि मजकूर काढून घ्या आणि नवीन करा, म्यूजने बनवलेला कोड दुरुस्त करत बसण्यात राम नाही.

पण दादा, तुम्हाला एवढी मोठी साइट लागते का? पाहुण्याला काय हवं असतं, खोल्यांचे खरे फोटो, दर, जेवणात मासे आहेत का, मॅप, आणि फोन. एक लांब पान पुरे. गूगल साइट्सवर एका दुपारी होतं. ते फॉर्म भरा वगैरे काढून टाका, त्यात स्पॅमशिवाय काही येत नाही, त्याऐवजी व्हॉट्सॲपची लिंक द्या, दाबलं की थेट तुमच्याशी चॅट. डोमेन मात्र स्वतःचं घ्या आणि तेच बोर्डावर रंगवा, म्हणजे उद्या आतलं काहीही बदललंत तरी बोर्ड बदलायला नको.

कोणी विक्स ही साइट बनवायची ऑनलाइन सेवा सुचवेल, चांगलं दिसतं, शंका नाही. पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. म्यूजने एकदा अंगणात उभं केलंय तुम्हाला, तेव्हा हे माहीत असूनच जायचं तर जा.

प्रश्न : ड्रीमवीव्हर शिकू का? क्लासवाले सांगतात अजून स्कोप आहे. — बीकॉमचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : क्लासला स्कोप आहे. ड्रीमवीव्हर हे फ्रंटपेजसारखंच साइट बनवायचं सॉफ्टवेअर, 1997चं, मॅक्रोमीडिया कंपनीचं, 2005च्या सौद्यात ॲडोबीकडे गेलं, एकेकाळी मीही त्यावर पोट भरलंय. आता त्याचं महिन्याचं भाडं भरण्यापेक्षा एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) नीट शिक, व्हीएस कोडमध्ये, फुकटात. ते आलं की उद्या कुठलंही सॉफ्टवेअर येवो जावो, तुला फरक पडत नाही.

प्रश्न : तुम्ही लोक दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी घ्यायला लावता. माझी साइट 2001 पासून आहे, फ्रंटपेज माझ्या कॉम्प्युटरवर अजून चालतं. का बदलू? — एक (वैतागलेला) वाचक, पुणे

उत्तर : नका बदलू. खरंच सांगतोय, टोमणा नाही. 2001चं एचटीएमएल आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं, या एका गोष्टीबद्दल वेबला मानलं पाहिजे.

दोनच गोष्टी करा. होस्टिंगवाल्याला सांगून एचटीटीपीएस (साइटचा सुरक्षित पत्ता) चालू करून घ्या, त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असतं. क्रोम जुलै 2018 पासून साध्या पत्त्यापुढे "सुरक्षित नाही" लिहितो आणि लोक पळतात. दुसरं, एकदा स्वतःची साइट दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. तुम्ही 800 बाय 600च्या स्क्रीनसाठी 780 पिक्सेल रुंद टेबल करून ठेवलं असणार, ते फोनवर मुंगीएवढं दिसतं. कोणीतरी सांगेल कोडमध्ये व्ह्यूपोर्टची (पान फोनच्या रुंदीत दाखव असं सांगणारी) ओळ टाका की झालं, नुसत्या ओळीने होत नाही, टेबल तेवढंच रुंद राहतं आणि मग वाचणाऱ्याला आडवं सरकत बसावं लागतं. टेबलच्या रुंदीत 780च्या जागी शंभर टक्के लिहा आणि ओळ टाका, निदान मजकूर वाचण्याजोगा होतो. डाव्या पट्टीचं मात्र काही होणार नाही, ती तशीच चेंगरणार.

आणि पब्लिशचं बटण चालेनासं झालं असेल तर ते होस्टिंगवाल्यांनी फ्रंटपेजची सर्व्हर एक्स्टेन्शन्स (सर्व्हरवरचे त्याचे मदतनीस प्रोग्रॅम) काढून टाकल्यामुळे, तुमच्यामुळे नाही. एफटीपीने, म्हणजे फाइलझिलासारख्या सॉफ्टवेअरने, चढवा.

प्रश्न : हसू नका, पण आमच्या तालीम मंडळाच्या साइटवर खाली काउंटर होता, तो 48,213 वर होता. नवीन साइटवर मुलांनी शून्यापासून सुरू केला. जुना आकडा परत आणता येईल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हसत नाही. सर्व्हरवरून उतरवलेल्या जुन्या फोल्डरमध्ये प्रायव्हेट नावाचा फोल्डर शोधा (नावाच्या आधी अंडरस्कोर असतो), त्यात होमपेजच्याच नावाची एक छोटी फाइल असेल, शेवटी सीएनटी. नोटपॅडमध्ये उघडा. तुमचा आकडा तिथे बसलेला असेल. नवीन साइटवर काउंटर लावायची आता कोणाला हौस नाही, पण "आमच्याविषयी" पानावर तारीख घालून लिहून टाका की जुनी साइट बंद केली तेव्हा इतक्या भेटी झाल्या होत्या. त्यातल्या निम्म्या मंडळाच्याच पोरांनी रिफ्रेश मारून वाढवलेल्या असल्या तरी हरकत नाही.